लॅपटॉपची राखण

आमच्या वन्संइतकं भ्यालेलं माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरं नाही, आणि असलंच तर ते मला अजून भेटायचं आहे. हे मी थट्टेनं सांगत नाही. म्हणजे थोडं थट्टेनं सांगते, पण खरं सांगते. लोक सापाला भितात, विंचवाला भितात, कुणी सासूला भितं, कुणी पोलिसाला. आमच्या वन्सं कुकरला भितात. कुकर गॅसवर चढला की हातातलं काम टाकून, पदर खोचून त्या थेट अंगणात लिंबाखाली जाऊन उभ्या राहतात आणि तिथून हाक मारतात, "सुमन, झाली का गं शिट्टी?" झाली म्हटलं की, "मग बंद कर." बंद केला म्हटलं की, "तू बंद केलास गं, पर आत वाफ हाय का न्हाय?" आता वाफ असतेच की. ती सगळी गेली, झाकण निघालं, भात ताटात पडला, की मग वन्सं जेवायला येतात आणि उंबऱ्याशी बसतात, एक पाय घरात आणि एक पाय बाहेर. पाहुणे आले तरी तिथंच. पाहुण्यांना वाटतं म्हातारीला घाई आहे. घाई नाही, तयारी आहे.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, लेक आणि सून नोकरीपायी लातूरला असतात, त्यामुळं सास्तूरच्या या घरात आम्ही दोघी आणि वन्संची भीती, अशी तीन माणसं राहत होतो. फ्रीज आला तेव्हा वन्सं त्याच्यासमोर पाट टाकून दुपारभर बसल्या होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "ह्यो मधीच बोलतो आन मधीच गप बसतो. बोलतो तवर ठीक हाय. गप बसल्यावर आत काय करतो, ते सांग मला." टीव्ही बंद झाला की त्याच्या पाठीला उलटा हात लावून बघतात, पोराच्या कपाळाला लावतात तसा. "अजून अंगात कणकण हाय," म्हणतात आणि पिन काढतात. मोबाईलच्या चार्जरची पिन तर मी लावली रे लावली की निघालीच. माझा फोन त्यामुळं कायम मेलेला. एकदा लेकानं लातूरहून हैराण होऊन शेजारणीला फोन केला, आई बरी आहे का, फोन लागेना म्हणून. शेजारीण म्हणाली, "तुमची आई ठणठणीत हाय. तुमच्या आत्यानं पिन काढलीया, एवढंच."

आणि एस.टी.त त्या बसायच्या नाहीत. चारी बाजूंनी बंद, वर छप्पर, आणि बसलेल्या माणसाला वाटेल तेव्हा उतरता येत नाही, हे त्यांना पटायचंच नाही. उमरग्याला एका लग्नाला जायचं होतं, तर मी एस.टी.नं गेले आणि वन्सं कुणाच्या तरी बैलगाडीतून. त्या पोचल्या तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती उठल्या होत्या, नवरी सासरी निघाली होती. वन्संनी तिला वाटेतच थांबवून आहेर दिला, आणि त्याच बैलगाडीतून परत आल्या. वर मला म्हणाल्या, "गेले आन सुखरूप आले. तू काय येगळं केलंस?"

दाराशी त्यांनी पितळी तांब्यांची उतरंड रचून ठेवलेली असते, तांब्यावर तांब्या, सगळ्यांत वर एक वाटी. जमीन हलली की वाटी वाजणार. आमच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला तरी ती वाजते, आणि वाजली की वन्सं माझं मनगट धरून मला बाहेर ओढतात. "अहो, ट्रॅक्टर हाय वन्सं." "म्हायती हाय. पर बाहीर आलीस तर तुझं काय गेलं?" बाहेर आल्यानं खरंच काही जात नाही. तव्यावरची भाकरी जाते, तेवढीच.

बाहेरचा कुणी असेल तर तो या गोष्टी ऐकून पोट धरून हसतो. आमच्या भागातला माणूस थोडं हसतो आणि मग गप्प होतो. भूकंप झाला तेव्हा वन्सं त्यांच्या सासरी होत्या, इथून जवळच्याच गावात, दगडामातीच्या जाड भिंतींच्या घरात. त्याबद्दल त्या बोलत नाहीत. एकदाच बोलल्या, आम्ही दोघी तुरीची डाळ निवडत बसलो होतो तेव्हा, मी काही विचारलेलं नसताना. म्हणाल्या, "लई दिस जमीन गुरगुरत व्हती. आमी समदी बाहीर निजत व्हतो. मग गुरगुर थांबली. मामंजी म्हणले, आता बंद झालंया, काळजी करू नगा, पोर पडशानं बेजार हाय, तिला आत निजवा. म्या आत नेऊन निजवली, सासूबाईच्या कुशीत. मला सवय लागली व्हती बाहीरची, म्हणून म्या अंगणातच पडले." एवढं सांगून त्या डाळीतला खडा शोधायला लागल्या. खडा सापडला, तो त्यांनी लांब फेकला, आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

भूकंपानंतर त्या एकट्याच माहेरी, आमच्याकडं आल्या, आणि तेव्हापासून त्यांचं गणित पक्कं आहे. जे वाजतं, गुरगुरतं, तापल्यावर तापलोय म्हणून सांगतं, त्याच्याशी माणसानं जपून राहावं, पण फार भिऊ नये. जे बंद झालंय असं चार शहाणी माणसं सांगतात, त्याच्यापासून लांब पळावं. आणि पळायचं कुठं, तर अंगणात, मोकळ्या आभाळाखाली. वर काही नसलं की अंगावर काही पडत नाही.

अशा घरात माझी नात सुजाता लॅपटॉप घेऊन आली.

सुजाता आम्हा दोघींच्या हाताखाली वाढलेली. शिकायला लातूरला आई-बापाकडं गेली, पण जीव इथंच. तिला पुण्याच्या एका कंपनीत काम लागलं, आणि सुरुवातीचे काही महिने घरून काम करायचं असं ठरलं, तेव्हा ती आमच्याकडं आली, कंपनीनं दिलेलं मशीन काखोटीला मारून. वन्संनी पहिल्याच दिवशी जागा ठरवून दिली: लिंबाखाली. योगायोगानं मोबाईलची रेंजही तिथंच चांगली येते, त्यामुळं पोरगी काही बोलली नाही. खाटेवर बसून, डोक्याला रुमाल बांधून ती इंग्रजीत बोलायची, आणि वन्सं खालच्या दगडावर बसून शेंगा फोडत त्या मशीनकडं बघायच्या. चालू असताना त्यांची काही हरकत नव्हती. उजेड दिसतोय, पंखा गुरगुरतोय, पोरीची बोटं त्यावर आहेत, म्हणजे ते काय करतंय ते कळतंय. हरकत सुरू व्हायची संध्याकाळी, सुजातानं झाकण लावलं की.

"झालं बंद?"

"झालं, आत्याआजी."

वन्सं उलटा हात लावून बघायच्या. "गरम हाय."

"आत्ता तर काम संपलं. होईल की थंड."

जेवणं झाली, भांडी झाली, वन्संनी पुन्हा हात लावला. "सुजे, अजून गरम हाय."

"गोधडीवर ठेवलं होतं म्हणून असेल."

"गोधडी काय भाजती व्हय कुणाला?"

सुजाता हसली, मीही हसले त्या वेळी. कबूल करायला हरकत नाही, मीही हसले.

एके दिवशी दुपारी सुजाता काही कामानं लोहाऱ्याला गेली होती. जाताना मशीन पिशवीत घालून, चेन लावून, माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवून गेली. आम्ही दोघी ओसरीत होतो. ऊन रखरखीत, गल्लीत चिटपाखरू नाही. आणि आत कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज यायला लागला. आधी मला वाटलं, कानात काही झालं. मग वन्संकडं पाहिलं, तर त्यांचे हात थांबलेले. आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला, सू करून, चूल फुंकल्यासारखा.

"सुमन," वन्सं अगदी हळू म्हणाल्या, "कपाटात कोण हाय?"

साप असेल, मांजर असेल, काय काय माझ्या मनात आलं. काठी घेऊन मी आत गेले आणि दार उघडलं. कपाटातून गरम हवा तोंडावर आली. साड्या गरम. पिशवीला हात लावला आणि हात आपोआप मागं आला, तव्याला लागल्यावर येतो तसा. आत काहीतरी फिरत होतं. बंद पिशवीत, बंद कपाटात, बंद केलेलं मशीन आपलं आपण चालू होतं, कुणी न लावता. मी आयुष्यात फार भ्यालेली नाही, पण तेव्हा भ्याले. काठी धरून मी तिथंच उभी राहिले. आणि ज्या बाई ट्रॅक्टरला भिऊन अंगणात पळतात, त्या माझ्या अंगावरून आत शिरल्या, पिशवीचा पट्टा धरला आणि साप धरून न्यावा तशी ती हातभर लांब धरून बाहेर घेऊन गेल्या. अंगणाच्या मधोमध मातीवर ठेवली. मग लिंबाला धरून उभ्या राहिल्या.

सुजाता आली, तिनं मशीन उघडलं, तर चार्जिंग संपलेलं. पार शून्य. "सकाळी फुल करून बंद केलं होतं मी," असं ती म्हणत राहिली. आम्हाला कमी आणि स्वतःलाच जास्त सांगत होती. तिनं कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून मोठा आवाज ठेवला. पलीकडून एक मुलगा फार गोड बोलत होता. म्हणाला, मॅडम, काळजी करू नका, असं होतं कधी कधी. झाकण लावलं तरी मशीन आत थोडं जागं असतं, आपली आपली कामं करत असतं. बटणावरून बंद केलं तरी कधी अर्धवटच झोपतं. पिशवीत हवा लागत नाही, मग तापतं आणि चार्जिंग खातं. बंद करताना बटण जरा वेळ दाबून धरा, बाकी काळजीचं काही नाही.

फोन संपल्यावर वन्संनी विचारलं, "काळजी करू नगा म्हणला का त्यो?"

"हो."

वन्सं उठून अंगणात गेल्या. संध्याकाळी जेवल्याही नाहीत.

त्यानंतर घरात खरी भीती शिरली, आणि ती एकट्या वन्संची राहिली नाही. सुजाता बटण दाबून धरायची, तरी एक-दोनदा मशीन कोमट लागलंच, आणि चार्जिंग कमी झालेलं दिसलंच. मला बसल्या जागी जळका वास यायला लागला. उठून बघावं तर काही नाही. भाजी फोडणीला टाकताना मी दोनदा मागं वळून बघायची. आणि त्यातच पुण्याहून निरोप आला: घरून काम संपलं, आता सोमवारपासून ऑफिसात यायचं, मशीन घेऊन हजर व्हायचं. अजून ती कायम झालेली नव्हती. पहिल्या दिवशी मशीनसकट हजर नसली, तर तिच्या जागेसाठी रांगेत माणसं उभीच होती. त्या पोरीनं त्या नोकरीसाठी किती डोळे फोडले होते ते आम्ही दोघींनी बघितलेलं.

वन्संनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पोरीनं जावं. मशीन राहू दे हितं."

"मशीनशिवाय नोकरी नाही, आत्याआजी."

"मग मशीन जाऊ दे. पार्सल कर. तू मागनं ये."

"तसं चालत नाही. त्यात कंपनीचं काम असतं, ते माझ्याजवळच पाहिजे."

"मग गाडीत ठिवणार कुटं?"

"कुठं म्हणजे? पिशवीत. मांडीवर."

"मांडीवर," वन्सं म्हणाल्या. मग थोड्या वेळानं पुन्हा एकदा, स्वतःशीच, "मांडीवर."

निघेपर्यंतच्या दोन दिवसांत वन्सं आणि सुजाता यांच्यात बोलणं जवळजवळ बंद झालं. सुजाता मला म्हणायची, "आज्जी, तू समजाव ना त्यांना." मी काय समजावणार होते? मला कपाट आठवायचं. एकदा मी चुकून वन्संना म्हणाले, "काही हुणार न्हाय वन्सं." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ते वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सुजाता दुपारच्याला विहारात जाऊन येते म्हणून गेली. कामाला लागण्याआधी बुद्धांपुढं मेणबत्ती लावायची, असं तिच्या मनात होतं. मी जरा पडले होते. उठले ती गल्लीतल्या बोलण्यानं. शेजारीण कुंपणावरून विचारत होती, "काय वाळत घातलंय अक्का?"

आणि वन्सं लिंबाच्या सावलीतून म्हणाल्या, "पोरीची नोकरी."

शेजारीण हसली, मीही अर्धवट झोपेत हसले. मग झोप उडाली. बाहेर येऊन बघते तर अंगणाच्या पार टोकाला, भर उन्हात, लोखंडी घमेलं पालथं घातलेलं, त्यावर दगड ठेवलेला. आणि वन्सं इकडं बसून, डोळ्यावर हात धरून, कणसाला पाखरू शिवू नये म्हणून राखण करावी तशी त्याची राखण करत होत्या. घमेलं कशाला, तर उडालंच तर ठिणगी अंगावर येऊ नये. दगड कशाला, तर शेळीनं उलथवू नये. सगळा विचार केलेला. घरापासून लांब, भिंतीपासून लांब, वर छप्पर नाही. त्यांच्या लेखी जगात याच्यापेक्षा बिनधोक जागाच नव्हती.

चैत्राचं ऊन होतं. मी पदरानं धरून घमेलं उचललं तरी बोटं भाजली. खाली मशीन, भाकरी टाकावी इतकं तापलेलं.

तेवढ्यात सुजाता फाटकातून आत आली. तिनं ते सावलीत नेलं, उघडलं, बटण दाबलं. काळं. पुन्हा दाबलं. काळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथंच मातीवर बसली. नवा ड्रेस घालून विहारात गेलेली पोर मातीत बसली आणि म्हणाली, "आत्याआजी, हे काय केलंत तुम्ही?"

वन्सं घाबऱ्या घाबऱ्या पुढं आल्या. "काय केलं बाळा? लांब ठिवलं. घरात नगं म्हणून बाहीर ठिवलं. मोकळ्या आभाळाखाली काय बी हुत न्हाय."

"अहो, पण वर ऊन आहे ना."

वन्संनी वर पाहिलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं ज्या आभाळावर त्यांनी सगळा भरवसा टाकला होता, त्याच्याकडं त्या अशा बघत होत्या की जणू घरातल्याच कुणीतरी त्यांना फसवलंय. जगात एकच जागा त्यांनी आपली म्हणून राखली होती, आणि आज तिनंही दगा दिला. वन्सं पदराचं टोक तोंडात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

मग आम्ही मशीन आत नेलं. स्वयंपाकघरात रांजणाजवळची फरशी दुपारी सुद्धा गार असते, तिथं कोरडं फडकं टाकून ठेवलं. खिडकीला ओलं पोतं लावलं. मी एका बाजूनं सुपानं वारा घालत होते, आणि दुसऱ्या बाजूनं वन्सं, पदरानं. छपराखाली, भिंतीला पाठ लावून, दोन्ही पाय घरात. असं बसलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, दाराशी वाटी वाजली, तरी त्या उठल्या नाहीत. सुजातानं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते. मधे मधे वन्संचा वारा घालायचा हात थांबायचा, त्या मशीनला उलटा हात लावायच्या, आणि पुन्हा सुरू करायच्या. ऊन कलायला लागलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "उतरला ताप. बघ."

सुजातानं बटण दाबलं. बराच वेळ काही नाही. मग बारीकसा उजेड आला.

मी सूप खाली ठेवलं. सुजातानं ओठ घट्ट मिटून घेतले. वन्संनी विचारलं, "हाय?"

"आहे."

"मग आता बंद कर. नीट."

सुजातानं बटण दाबून धरलं, बराच वेळ. उजेड गेला.

"आता बंद?"

"हो."

"आतनं बी?"

आता पोरगी म्हणणार हो आत्याआजी, काळजी करू नका, असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलं आणि थांबली. मग म्हणाली, "मला नाही माहीत. मी काही आत जाऊन बघितलेलं नाही. मला पण भीती वाटते, आत्याआजी. गाडीत मांडीवर घेऊन बसायची मलाही भीती वाटते. पण जायचं आहे मला."

वन्सं तिच्याकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. मी नाही, मालकांनी नाही, कुणीच नाही. जो तो त्यांना म्हणायचा, काही होत नाही, भिऊ नका. आपल्याबरोबर भिणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं.

"मग म्या येते," वन्सं म्हणाल्या.

"कुठं?"

"पुण्याला. मशीन माझ्या मांडीवर ठिवायचं. तू पलीकडं बसायचं, येगळ्या शिटावर."

मी म्हटलं, "वन्सं, एस.टी. हाय ती. बैलगाडी न्हाय."

"म्हायती हाय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेजाऱ्यांच्या उघड्या जीपनं उमरग्याला गेलो. स्टँडवर पुण्याची गाडी लागली. वन्संनी दारातल्या दांड्याला धरलं आणि थांबल्या. पाठीमागची माणसं ढकलत होती, "चढा की आज्जी." मी खाली उभी होते. त्यांची पाठ दिसत होती, आणि खांद्यावर ब्लाउज घामानं ओला झालेला दिसत होता. सुजाता आतून हात पुढं करून उभी राहिली, पण ओढत नव्हती. मग वन्सं चढल्या.

खिडकीशी बसल्या. मांडीवर माझा पोळपाट ठेवला, घरातून त्यांनी तो कधी उचलला मला कळलंही नव्हतं, आणि पोळपाटावर मशीन, पिशवीतून बाहेर काढून, वारा लागावा म्हणून. सुजाताला पलीकडच्या रांगेत बसवलं. कंडक्टर तिकीट फाडत आला आणि थबकला.

"आज्जी, हे काय घेऊन बसलाय?"

"मशीन हाय. तापतं."

"मग बंद करा की."

"बंदच हाय."

कंडक्टरनं मशीनकडं पाहिलं, वन्संकडं पाहिलं, तिकीट दिलं आणि बाकीची तिकिटं पुढच्या बाजूनं फाडायला निघून गेला.

गाडी सुटली. सुजातानं पलीकडून हात हलवला, दिसेनाशी होईपर्यंत हलवला. वन्संनी हात हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात मशीनवर होते, उलटे. नजर समोर, आणि ओठ हलत होते. त्या काय म्हणत होत्या, कुणाशी बोलत होत्या, मला काचेतून ऐकू आलं नाही.

सुजाता वेळेवर हजर झाली आणि पुढं कायमही झाली. कंपनीनं ते मशीन बदलून दुसरं दिलं. वन्सं आठवडाभरानं येते म्हणून गेल्या होत्या, त्या अजून तिथंच आहेत. सुजाताच्या खोलीत आणखी पोरी राहतात, कुणी बीडची, कुणी मुरुमची, सगळ्या कंपन्यांत जाणाऱ्या, सगळ्यांकडं मशीनं. सुट्टीच्या दिवशी कुठं बाहेर निघाल्या की पोरी आपापलं मशीन आणून वन्संसमोर ठेवतात आणि जातात. वन्सं ती गॅलरीत सावलीला एका ओळीत मांडतात आणि बसतात. आता सावली बघायला शिकल्यात. मला फोन करतात, आणि पूर्वी जो कानाजवळ नेत नव्हत्या तो फोनही आता कानाला लावूनच.

"सुमन, एका पोरीचं लई तापतंय गं. तिला म्या सांगितलं, हे बदलून घे."

"वन्सं, यायचं कधी?"

"यीन की. पर हितं बघाया कोण हाय ह्यांच्याकडं?"

मी म्हणते, राहा. पोरी एकट्या असतात. लेकही अधूनमधून फोन करतो, म्हणतो, आई, एवढ्या घरात एकटीच असतेस, तुला भीती नाही वाटत? मी नाही म्हणते. तो म्हणतो, माझी आई वाघीण आहे. त्याला बरं वाटतं, म्हणून मी पुढं काही बोलत नाही. खरं सांगायचं तर त्या मशीनपायी भ्याले तेवढंच, एरवी मला भिताच येत नाही. शिकायची वेळच आली नाही कधी. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून मालक होते, आणि मग वन्सं आल्या, आणि माझ्या वाटणीचं सगळं त्याच भीत आल्या.